जुन्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट: ऑक्टोबर ते मे, कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

बायकोची तारीख डिसेंबरच्या मध्यावर आहे आणि आई-बाबा तिच्या बाळंतपणासाठी नोव्हेंबरच्या शेवटी कराडहून येतायत, म्हणजे यंदाची सगळी थंडी घर दिवसभर भरलेलं असणार. आतापर्यंत आम्ही दोघंच, सकाळी थर्मोस्टॅट (घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारं भिंतीवरचं यंत्र) खाली करायचा, संध्याकाळी वर करायचा, कधी विसरायचो, चालून जायचं. आता चालणार नाही म्हणून स्मार्ट, म्हणजे वायफायवर आणि फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट बसवायचं ठरवलं. इकडे अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या कुणाला हे काम करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून जसं होईल तसं लिहून ठेवतोय.

घर एडिसन, न्यू जर्सीतलं, १९७४ चं, दोन मजली, खाली उघडं बेसमेंट. गॅसची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, तिची गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून (हवेच्या बोगद्यातून) सगळ्या खोल्यांत जाते, उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसी. फर्नेस आधीच्या मालकाने बदललेली आहे पण भिंतीवरचा थर्मोस्टॅट मूळचाच, तो गोल सोनेरी, आत काचेच्या नळीत पारा असलेला. या जातीचा गोल थर्मोस्टॅट हनीवेल कंपनीने १९५३ साली आणला आणि अजून कित्येक घरांत तो बिनतक्रार चालतोय, आमचाही चालतोय. पण घरात तान्हं बाळ येणार आणि भिंतीवर पारा, हे मला नको होतं. काढल्यावर तो कचऱ्यात टाकायचा नाही हे आधीच सांगतो, काउंटी (इथला जिल्हा) घातक कचरा गोळा करते त्या दिवशी नेऊन द्यायचा, तोवर झाकणाच्या डब्यात उभा ठेवायचा.

(आकडे सगळे फॅरनहाइटमध्ये आहेत. सेल्सिअस कुठे आलंय तिथे तसं लिहिलंय, आणि ते का आलं तेही पुढे येईल.)

१५ ऑक्टोबर, रविवार

कव्हर काढून तारा बघितल्या. चार तारा: लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. रंगावर जाऊ नका, तार कुठल्या अक्षराच्या स्क्रूखाली आहे ते बघा आणि फोटो काढा. आमच्याकडे रंग आणि अक्षरं जुळली. आर म्हणजे चोवीस व्होल्टचा पुरवठा, डब्ल्यू म्हणजे हीटिंग, वाय म्हणजे एसी, जी म्हणजे पंखा. सी अक्षराची तार नाही. तुमच्या भिंतीत जाड तारा आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या दिसल्या तर तो घरच्या मेन लाइनवरचा थर्मोस्टॅट असू शकतो, तिथे हे काम थांबवा, हा थर्मोस्टॅट त्यासाठी नाही.

थर्मोस्टॅट आणि सोबत खोलीत ठेवायचा एक सेन्सर मिळून १८९ डॉलर पडले, गॅस कंपनीची ५० डॉलरची सूट नंतर चेकने येणार आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

बसवला. जुना काढून नवा लावायला तास लागला. ॲपमध्ये चार तारा टाकल्या तर ॲप म्हणालं सी नसली तरी चालेल. मी विश्वास ठेवला. स्क्रीन लागली, वायफाय लागलं, फर्नेस पेटली, खूश होऊन झोपलो.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

सकाळी हत्यारांच्या पूजेसाठी टूलबॉक्स देवासमोर आणत होतो, जाताना भिंतीकडे बघितलं तर स्क्रीन काळी. दाबलं, काही नाही. आतली बॅटरी पूर्ण उतरली होती.

कारण आता कळलंय ते लिहितो. जुना पाऱ्याचा थर्मोस्टॅट म्हणजे साधा स्विच, त्याला स्वतःला वीज लागत नाही. नव्याला स्क्रीन आहे, वायफाय आहे, त्याला चोवीस तास वीज हवी, आणि विजेला जायला जसा रस्ता लागतो तसा परत यायलाही लागतो. तो परतीचा रस्ता म्हणजे सी तार. ती नसेल तर हे यंत्र हीटिंगच्या किंवा एसीच्या तारेतून थोडी थोडी वीज चोरून बॅटरी भरत राहतं. आमच्या फर्नेसवर त्याला जेवढी मिळत होती तेवढी पुरली नाही, तीन दिवसांत खेळ संपला. ऑक्टोबरमध्ये ना हीटिंग लागतं ना एसी, म्हणून घरात कुणाला कळलंही नाही. हेच जानेवारीत रात्री झालं असतं तर काय, या विचारानेच पोटात गोळा आला.

जुना परत लावला. पूजेत स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, मल्टीमीटर सगळं ठेवलं, आपट्याची पानं इकडे कुठली मिळायला, झेंडूची फुलं ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणली होती ती वाहिली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

एका एचव्हीएसीवाल्याला (हीटिंग-एसीची कामं करणाऱ्याला) फोन केला. फक्त सी तार ओढून द्यायचे २४० डॉलर म्हणाला. हॉस्पिटलचं बिल समोर दिसतंय, स्वतःच करायचं ठरवलं.

दुसरा एक उपाय सगळीकडे सांगतात, पंख्याची हिरवी तार काढून तीच सी म्हणून वापरायची. चालतं ते, पण मग नुसता पंखा चालवता येत नाही आणि एसीसाठी फर्नेसच्या बोर्डावर वाय आणि जी जोडावे लागतात. उन्हाळ्यात आम्हाला नुसता पंखा लागतो म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस वाया गेला. दोन चुका, दोन्ही माझ्या.

पहिली: मला वाटलं जुन्या केबलला नवी पाच तारांची केबल बांधू, बेसमेंटमधून जुनी ओढली की नवी मागोमाग खाली येईल. जुनी हललीच नाही. घर बांधताना त्यांनी ती भिंतीच्या आत लाकडाला स्टेपल मारून पक्की केलेली आहे. जोर लावला तर वरच्या टोकाला केबलचं वरचं आवरण सोलून निघालं.

दुसरी जास्त वाईट: हे सगळं करताना मी फर्नेसचा ब्रेकर पाडला नव्हता. थर्मोस्टॅट ऑफ केला म्हणजे तारांत वीज नाही असं मी धरून चाललो. लाल तारेत वीज असतेच. सोललेल्या लाल तारेचं टोक दुसऱ्या उघड्या तारेला लागलं, बारीक ठिणगी उडाली, बस्स. जुना थर्मोस्टॅट परत लावला तर फर्नेस गप्प. बोर्डावरचा दिवा पण गेलेला.

पुढचे तीन तास मी बोर्ड जळला म्हणून घाबरून बसलो होतो, नव्या बोर्डाच्या किमती शोधत होतो. शेवटी मल्टीमीटर घेतला. बोर्डावर आर आणि सी या दोन स्क्रूंमध्ये चोवीसच्या आसपास यायला हवेत, शून्य. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला मात्र पंचवीस-सव्वीस येत होते. म्हणजे मधे काहीतरी तुटलंय, आणि मग बोर्डावर समोरच तो दिसला, जांभळा छोटा फ्यूज, गाडीत असतो तोच, तीन ॲम्पिअरचा. बाहेर काढून उजेडात धरला, आतली तार मधोमध वितळलेली. गाडीच्या पार्ट्सच्या दुकानात पाकीट पाच डॉलरला मिळालं, लावला, फर्नेस चालू. त्या दिवशी थंडी नव्हती हे नशीब.

तर असं करा: ब्रेकर पाडा, फर्नेसचं झाकण काढा (झाकणामागे एक सेफ्टी स्विच असतो, झाकण काढलं की तोही वीज तोडतो), आणि तरी मल्टीमीटर लावून शून्य बघा, मगच तारेला हात लावा. कामाला बसण्याआधी तुमच्या बोर्डावर कितीचा फ्यूज आहे ते बघून दोन जास्तीचे आणून ठेवा.

२९ ऑक्टोबर, रविवार

नवी तार नव्या वाटेने. थर्मोस्टॅटची भिंत आतली आहे, तिच्यात इन्सुलेशन नाही, आणि खाली थेट बेसमेंट. म्हणजे बेसमेंटच्या छतातून, भिंतीच्या खालच्या आडव्या लाकडात भोक पाडून तार वर ढकलायची.

भोक नेमकं कुठे पाडायचं हाच सगळा खेळ आहे. मी वरून माप घेतलं, खाली येऊन डक्टपासून मोजलं, पाडलं, आणि काडी आत घातली तर वर कुठेच दिसेना. मधल्या उभ्या लाकडाच्या पलीकडच्या कप्प्यात भोक पडलं होतं. मग जुनी केबल छतातून जिथे वर जाते तिथे टॉर्च मारून बघितलं, तिच्या शेजारी दोन इंचांवर अर्ध्या इंचाचं दुसरं भोक. हे आधीच करायला हवं होतं, जुनी तार स्वतःच वाट दाखवते.

लवचिक काड्यांचा सेट मिळतो, एकात एक बसवून लांब करायच्या, १९ डॉलर. बायको वर हॉलमध्ये खुर्चीवर बसून भिंतीच्या भोकात टॉर्च धरून होती. मी खालून काडी सारतोय, ती वरून ओरडतेय, 'डावीकडे, अजून, अजून, आली आली', आणि तिने चिमटीत टोक धरलं. केबल टेपने बांधून वर ओढली. तिथपर्यंतचं सगळं धरून चार तास. पन्नास फुटांचं पाच तारांचं बंडल २७ डॉलर. आता वाटतं आठ तारांचं घ्यायला हवं होतं, फरक थोडाच होता आणि पुढे कधी हीट पंप (घर गरम-गार दोन्ही करणारं यंत्र) बसवला तर जास्तीच्या तारा लागतील.

बोर्डावर पाचही तारा लावल्या. सी च्या स्क्रूखाली आधीपासून एक तार होती, ती काढून माझी निळी लावली. थर्मोस्टॅटने लगेच पाचही तारा ओळखल्या, बॅटरी चढायला लागली. हीटिंग चालवून बघितलं, ठीक. रात्रीचे अकरा वाजले होते, एसी चालवून बघितला नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, मे महिन्यात लागेल.)

५ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली, थर्मोस्टॅटने त्याचं स्वतःच केलं. पण आठवडाभर एक गोष्ट खुपतेय, घर जास्त गरम वाटतंय. शेजारी काचेचा साधा थर्मामीटर टांगला: तो ७२ दाखवतोय आणि थर्मोस्टॅट ६९. यंत्र खराब आहे म्हणून परत करायला निघालो होतो. मग पुढचा भाग काढून भिंतीच्या भोकाजवळ हात नेला तर बोटांना थंड हवेची बारीक धार लागली. बेसमेंटमधली थंड हवा मी पाडलेल्या भोकांतून भिंतीत चढत होती आणि नेमकी सेन्सरच्या पाठीवर फुंकत होती. त्याला वाटत होतं घर थंड आहे, म्हणून तो फर्नेस चालवत होता.

खालची दोन्ही भोकं, तो चुकलेला कप्पासुद्धा, आगीसाठीचा सीलंट भरून बंद केली, भिंतीच्या भोकात पुटी दाबली. सात डॉलर. तासाभरात दोन्ही आकडे एका डिग्रीच्या आत आले.

१२ नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन

उलटा प्रकार. दुपारी मित्रमंडळी जमून चकल्या आणि शंकरपाळे तळले, दोन कढया, चार तास. थर्मोस्टॅट स्वयंपाकघराच्या दारापासून पाच पावलांवर. त्याने ७५ वाचलं आणि फर्नेस दुपारभर बंद ठेवली, आणि वर गॅरेजच्या डोक्यावरची खोली, जी बाळाची होणार आहे, ती ६३ वर. सोबतचा सेन्सर आतापर्यंत खोक्यातच होता, तो त्या खोलीत ठेवला. बाकीच्या दिवसांत रोजच्या पोळ्यांनी सुद्धा तापमान दोन डिग्री वर जातं हे आता ॲपच्या आलेखात दिसतंय.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आई-बाबा परवा आले. रात्री दहा ते सहा मी ६४ लावून ठेवलं होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे की दिवसातले आठ तास तापमान ७ ते १० डिग्री खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होते. आम्ही दोघंच होतो तेव्हा पांघरुणात काही कळत नव्हतं. पण आई साडेचारला उठते, अंघोळ, पूजा, आणि त्या वेळी घर अगदी थंडगार. तिने तक्रार केली नाही. तिने काल रात्री विरजण लावलं होतं आणि सकाळी पातेलं माझ्यासमोर धरलं, 'बघ, लागलंच नाही दही. तुझं घर रात्री गार पडतं.'

पहाटे चारपासून ६९ लावलं. रात्रीची पातळी ६७. दह्याचं पातेलं ओव्हनमध्ये, फक्त दिवा लावून. दही लागलं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

मुलगी झाली, १६ तारखेला. सगळं छान आहे.

तिच्या खोलीतल्या सेन्सरवर घर चालवायला सांगितलं, ७१. ती खोली गॅरेजवर असल्यामुळे तापायला वेळ लागतो, तोवर खाली आई-बाबांच्या खोलीत ७६ झालं, बाबा रात्री खिडकी उघडून झोपले होते. म्हणजे मी एका खोलीसाठी गॅस जाळत होतो आणि तोच दुसऱ्या खोलीच्या खिडकीतून जात होता. अजून एक सेन्सर आणला (४० डॉलर), त्यांच्या खोलीत ठेवला, आणि थर्मोस्टॅटला दोन्हींची सरासरी धरायला सांगितली. खालच्या मजल्यावरच्या, डक्टची हवा येते त्या दोन जाळ्या अर्ध्या बंद केल्या, जास्त बंद केल्या तर फर्नेसला हवा कमी पडून ती तापते, म्हणून दोनच. आता वर ७०, खाली ७२.

बाळाच्या मालिशीची वेळ दहाची. आईला तेव्हा खोली उबदार हवी, पंचाहत्तर. या घराला चार डिग्री वर चढायला बाहेर थंडी असेल तर पाऊण तास लागतो, म्हणून सव्वानऊला चढायला लागतं आणि अकराला उतरतं. हे वेळापत्रक हाताने भरलंय. आपोआप शिकण्याची सोय बंद केली, कारण आमच्या घरात सध्या दोन दिवस सारखे नाहीत.

१७ जानेवारी २०२४, बुधवार

आजचं लिहायला जड जातंय.

बाळाची महिन्याची तपासणी होती. मी, बायको, आई आणि बाळ गाडीतून गेलो, बाबा घरी थांबले. बाहेर विशीच्या आसपास, रस्त्याच्या कडेला परवाचा बर्फ. तपासणी, मग औषधांचं दुकान, मग थोडं सामान, परत यायला दोन वाजले. दार उघडलं तर घर थंड. बाबा पुढच्या खोलीत सोफ्यावर, स्वेटर, त्यावर कोट, कानटोपी, अंगावर बाळाची गोधडी.

आम्ही घराबाहेर पडल्यावर अर्ध्या तासात दोन्ही फोन लांब गेलेले बघून थर्मोस्टॅटने घर रिकामं आहे असं ठरवलं आणि पातळी ६० वर नेली. त्याच्यात हालचाल टिपणारा डोळा आहे, पण त्याला फक्त हॉल दिसतो, बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. बाबांच्या फोनवर ॲप नाही. त्याच्या हिशोबात बाबा घरात नव्हतेच. आलेखात सगळं आहे, साडेनऊला ७१, दोन वाजता ६३.

'बाबा, फोन का नाही केलात?'

'अरे तुम्ही पोरीला घेऊन दवाखान्यात. त्यात मी कशाला मधे.'

'मग भिंतीवरचं वाढवायचं तरी. नुसतं फिरवायचं ना.'

'तुझ्या फोनवर चालतं ते. मी हात लावला आणि बिघडलं म्हणजे? घरात बारकं पोर आहे.'

बाबांनी साखर कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलंय. चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनलमध्ये हात घालणारा माणूस. मी त्यांना हे यंत्र दाखवलं होतं, पण माझ्या फोनवर दाखवलं होतं, भिंतीवर नाही. आल्या दिवशी दोन मिनिटं त्या भिंतीसमोर उभं राहून त्यांच्या हाताने एकदा कमीजास्त करून घेतलं असतं तर हे झालं नसतं. त्या साडेचार तासांत किती गॅस वाचला ते ॲपने मला हिरव्या पानाचं चित्र काढून सांगितलं. मी ती सूचना पुसून टाकली.

ज्यांच्या घरी आई-वडील येऊन राहतात, मुलांना सांभाळणारी बाई येते, कॉलेजातला भाचा राहतो, त्यांनी ही फोनवरून ओळखायची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. आमच्याकडे ती मुळातच चालू होती, मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलीच नव्हती.

२० जानेवारी, शनिवार

दुरुस्त्या. यात एकाही स्क्रूला हात लागला नाही, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झालाय.

फोनवरून घरी-बाहेर ओळखणं बंद. 'घर रिकामं' ही पातळी ६० होती ती ६७ केली, म्हणजे कुठल्या चुकीने लागली तरी कुणी गारठणार नाही.

आकडे सेल्सिअसमध्ये केले. ही बाबांची सूचना. 'एकाहत्तर म्हणजे मला काय कळणार रे, एकाहत्तर म्हणजे माणूस भाजून निघेल. बावीस म्हण, मग कळतं.' आता भिंतीवर २१.५ दिसतं. आम्हालाच दोन दिवस चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली.

हाताने १९ ते २५ यांच्यामध्येच फिरवता येईल अशी मर्यादा घातली, म्हणजे चुकून जास्त फिरलं तरी काही होत नाही, हे बाबांना आणि आईला सांगितलं. हाताने बदललेलं दोन तास टिकतं, मग वेळापत्रक परत येतं.

भिंतीवर थर्मोस्टॅटखाली आईच्या अक्षरात कागद लावलाय: 'गार वाटलं तर उजवीकडे. उकडलं तर डावीकडे. काही बिघडत नाही.' तिसरं वाक्य मी सांगितलं नव्हतं, तिनेच घातलं.

आता बाबा रोज पहाटे उठून आधी तिथे जातात, आकडा बघतात आणि वहीत बाहेरचं आणि आतलं तापमान लिहितात.

१० फेब्रुवारी, शनिवार

गॅसचं जानेवारीचं बिल आलं. गेल्या जानेवारीपेक्षा जास्त. हे स्पष्ट लिहितो कारण सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की किती वाचले. आमचे वाचले नाहीत. गेल्या वर्षी दोन माणसं दिवसभर बाहेर होती, यंदा पाच माणसं दिवसरात्र घरात, त्यात एक तान्हं. बचत होते ती घर रिकामं असताना किंवा पातळी खाली ठेवून झोपता येतं तेव्हा. आमच्याकडे दोन्ही नाही. मला याच्यातून हवी होती ती गॅरेजवरची खोली रात्री तीन वाजता २१ सेल्सिअस असण्याची खात्री, आणि ती मिळाली. पूर्वी ती खोली रात्री किती गार पडत होती हे आम्हाला माहीतच नव्हतं.

फिल्टर बदलला, किती तास पंखा चालला ते मोजून थर्मोस्टॅट आठवण करून देतो. जुना काळाकुट्ट निघाला.

२ मे, गुरुवार

पहिला उकाडा, संध्याकाळी एसी लावला. डक्टमधून हवा येतेय पण कोमट. तासाभरात घर उलट दोन डिग्री वर. थर्मोस्टॅट म्हणतोय कूलिंग चालू. माझ्या डोक्यात आलं एसीतला गॅस संपला असेल, कॉम्प्रेसर गेला असेल, आणि कॉम्प्रेसर म्हणजे हजारोंचा खर्च.

बाबा मागच्या दाराने बाहेर गेले आणि हाक मारली. 'अरे, बाहेरचा पंखा फिरतच नाहीये. आणि कॉन्टॅक्टर ओढल्याचा आवाज पण नाही. कॉम्प्रेसर गेला असता तर कॉन्टॅक्टर तरी वाजला असता. कंट्रोल पोचत नाहीये इथपर्यंत.' (कॉन्टॅक्टर म्हणजे थर्मोस्टॅटचा इशारा आला की टक् करून ओढला जाणारा, बाहेरचं युनिट चालू करणारा स्विच.)

खाली बेसमेंटमध्ये आलो, ब्रेकर पाडला, झाकण काढलं. बाबांनी चष्मा लावून बोर्डाकडे बघितलं. 'ही तार कुठली?' वायच्या स्क्रूखाली दोन तारा होत्या, एक माझी थर्मोस्टॅटकडून आलेली, दुसरी बाहेर युनिटकडे जाणारी. त्या बाहेर जाणाऱ्या केबलची जोडीदार तार मात्र बोर्डाखाली मोकळी लोंबत होती. २९ ऑक्टोबरला सी च्या स्क्रूखालून मी काढली ती हीच. मला ती जुनी, बिनकामाची वाटली होती. बाबांच्या शब्दांत, 'कॉइलचा न्यूट्रलच सोडलास तू. जायला वाट आहे, यायला नाही.'

दसऱ्याला मी थर्मोस्टॅटबद्दल जे शिकलो तेच बाहेरच्या कॉन्टॅक्टरला लागू होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती तार माझ्या निळ्या तारेसोबत त्याच सी च्या स्क्रूखाली घट्ट केली. ब्रेकर वर. थर्मोस्टॅटने पाच मिनिटं थांबायला सांगितलं, कॉम्प्रेसर लगेच परत सुरू होऊ नये म्हणून ते थांबणं असतं, आणि मग बाहेरून टक् आणि पाठोपाठ पंख्याचा आवाज. बाबा बेसमेंटच्या खिडकीशी कान लावून उभे होते. 'ओढला,' म्हणाले.

तेव्हा सी च्या स्क्रूखाली आधीच तार असेल तर ती काढू नका, तुमची तिच्या जोडीला लावा. आणि काम झालं की त्याच आठवड्यात एखादी उबदार दुपार बघून एसी पण पाच-दहा मिनिटं चालवून बघा, फक्त बाहेर ६० च्या खाली असेल तर नको, कॉम्प्रेसरला ते चांगलं नाही.

१८ मे, शनिवार

काल रात्रीच्या विमानाने आई-बाबा गेले.

एकूण खर्च लिहून ठेवतो: थर्मोस्टॅट आणि पहिला सेन्सर १८९, तार २७, काड्या १९, फ्यूज ५, सीलंट आणि पुटी ७, दुसरा सेन्सर ४०. एकूण २८७, सूट ५० मिळाली, म्हणजे २३७ डॉलर. वेळ साधारण तीन शनिवार-रविवार, त्यातला एक पूर्ण दिवस फ्यूज आणि अडकलेल्या तारेत.

आज सकाळी पाऱ्याचा जुना थर्मोस्टॅट काउंटीच्या कचरा संकलनात देऊन आलो. मग फिल्टर बघायला खाली गेलो तर फर्नेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, वर पारदर्शक टेप. बाबांनी जायच्या आधी कधीतरी लावलेला. पाच रेघा, प्रत्येकीवर अक्षर, रंग आणि ती कुठे जाते ते मराठीत: आर, लाल, पुरवठा. डब्ल्यू, पांढरी, हीटर. वाय, पिवळी, दोन तारा, एक वर एक बाहेर. जी, हिरवी, पंखा. सी, निळी, याच्याखाली पण दोन तारा, आणि त्या 'दोन' खाली दोनदा रेघ मारलेली. कोपऱ्यात फ्यूज ३ ॲम्पिअर, आणि तारीख.

सेल्सिअस तसंच ठेवलंय. पहाटे चारचं वेळापत्रक काढलं, रात्रीची पातळी बाळ आहे म्हणून हिवाळ्यात पण खाली नेणार नाही. सासू-सासरे ऑगस्टमध्ये येतायत, त्यांना आल्या दिवशी आधी भिंतीसमोर उभं करून हाताने फिरवायला लावायचं आहे.